१६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया बंद, आपल्याकडे जमेल का?

सड्यावरची_देवगड:
नमस्कार मंडळी. मुलगा आठवीत आहे, १३ पूर्ण. त्याचं इन्स्टा अकाउंट पाचवीपासून आहे हे मला यंदा मे महिन्यात कळलं, जन्मसाल २००० टाकून काढलेलं. आंब्याच्या सीझनला मी पहाटेपासून पेट्या भरायला, नवरा बोटीवर, फोन घरी त्याच्याच हातात. रात्री दीडला उठून बघते तर पांघरुणात उजेड. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना इन्स्टा, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉकवर अकाउंटच ठेवता येत नाही, आईबापाने हो म्हटलं तरी नाही. मला तर वाटतं असा कायदा इथे उद्याच यावा. तुमचं काय मत?

गुहागर_बाई:
ताई, मी शिकवते, वर्गात पेंगणारी मुलं रोज बघते त्यामुळे तुमची तळमळ कळते. तिथली एक गोष्ट मला पटली, दंड कंपनीला आहे, जवळपास ५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, मुलाला किंवा आईबापाला काहीच नाही. व्हॉट्सॲप त्यात नाही, म्हणजे आपले गृहपाठाचे ग्रुप आहेत तसले चालू राहतात.

आजो_मालवण:
माझो झील नि सून मुंबयक, नातू आमच्याकडे ऱ्हवता. माझा डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागदपत्रां ठेवूचा ॲप, नातवानच उघडून दिल्यान, पेन्शनीचो हयातीचो दाखलो तोच मोबायलार काढता, ओटीपी इलो काय तोच वाचता. उद्या कंपनीन माका इचारल्यान पोराक परवानगी देतास काय, तर होय दाबतलो कोण? तोच. माका कळूचा पण नाय.

चिपळूणचा_चाकरमानी:
आजोबांनी नेमकं दुखणं सांगितलं. मी ॲप बनवण्याच्याच कामात आहे म्हणून सांगतो, आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात १८ च्या आतला तो मूल, त्याचा डेटा वापरायचा तर पालकांची पडताळलेली संमती पाहिजे, आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले त्यात ती संमती पडताळायला डिजिलॉकरचा मार्ग दिलाय, हा भाग लागू व्हायला तेव्हापासून १८ महिने. पण कोकणात अर्ध्या घरांत मोबाईल कळणारा माणूस म्हणजे ते मूलच, मग संमती कोणाची घेतली? सेल्फीवरून वय ओळखणारी सिस्टीम लावली तर १५ चा पोरगा १८ चा दिसू शकतो, आणि बापाच्या अकाउंटवरून रील्स बघत बसला तर ती सिस्टीम त्याला बघणारच नाही. त्याच कायद्यात मुलांवर पाळत ठेवून जाहिराती मारायला बंदी आहे, २०० कोटींपर्यंत दंड, माझं म्हणणं जोर तिथे लावा. रात्री दीडला पुढची रील आपोआप सरकवणारं यंत्र बंद करायचं काम कंपनीचं, आजोबांचं नव्हे.

वाडीतली_दापोली:
मी १७ ची आहे, माझंही ऐकून घ्या. १४ ची असताना आमच्या वाडीच्या नमनाचे व्हिडिओ मी फोनवर एडिट करायला शिकले, सगळं बघून बघून. मुंबईतली वाडीची माणसं ते बघतात, गणपतीत आल्यावर मला नावाने हाक मारतात. एसटी दिवसातून दोनदा, क्लास लावायला कुठे जाणार होते? १६ पर्यंत अकाउंट नसतं तर यातलं काहीच झालं नसतं. रात्रीचं बंद करा, अनोळखी माणसांचे मेसेज बंद करा, ते मलाही हवंय, मला १४ व्या वर्षी आलेले मेसेज मी अजून आईला दाखवलेले नाहीत.

सड्यावरची_देवगड:
पोरी, आईला दाखव गं, ती रागावली तर रागावू दे.
तुझं वाचून मी सरसकट बंदीवरून जरा मागे आले, पण १३ च्या आतल्यांसाठी अजूनही बंदीच हवी, तसा इन्स्टाचा स्वतःचाच नियम आहे मग माझ्या १० वर्षांच्या पोराला आत घेतलंच कसं? आजोबा, तुमचं वाचल्यावर उठून बघितलं, माझं डिजिलॉकरही त्यानेच काढलेलं, पिन मला माहीत नाही. आज संध्याकाळी त्याला शेजारी बसवून बदलते.