कॉलरबोन मोडलंय, ऑपरेशन करू की झोळीवरच ठेवू? (मदत हवी आहे)

आमचं घर गुहागर तालुक्यात. गेल्या रविवारी दादा गवताचा भारा घेऊन पाखाडीवरून उतरत होता, शेवाळावरून पाय सटकला नि उजव्या खांद्यावरच आपटला. कॉलरबोन बरोब्बर मधोमध मोडलंय, दोन्ही टोकं एकमेकांवर चढलीत, डॉक्टरांनी एक्सरेवर पट्टी लावून दाखवलं, जवळजवळ 2 सेंमी. वरून हात फिरवला तर उंचवटा लागतो.

आता घोळ असा की चिपळूणचे डॉक्टर म्हणतात झोळी बांधा, जुळेल आपोआप, आणि रत्नागिरीचे म्हणतात प्लेट टाका. बाबांचं तिसरंच, हाडवैद्याकडे नेऊन लेप घालूया! दादाचं पोट माडा-पोफळीवर चढण्यावर आहे हो, दिवाळीनंतर सुपारी उतरवायची, हात डोक्यावर गेलाच नाही तर काय करायचं? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. सिगरेट पण ओढतो तो.

प्रतिसाद १
भावा, माझं बाईकवरून पडून मोडलेलं, झोळीवरच जुळलं. गाठ अजून दिसते पण त्रास शून्य. ते आठच्या आकड्याचे पट्टे मात्र बांधू नका, काखेत काचतात आणि साध्या झोळीपेक्षा फायदा काही नाही.

प्रतिसाद २
मी फिजिओ आहे. टोकं एकमेकांपासून लांब गेली नसतील तर झोळीच बरी. पण 2 सेंमी चढलेलं आणि अंगमेहनतीचं काम म्हटल्यावर रत्नागिरीचे डॉक्टर चुकीचं बोलत नाहीयेत. 2007 मध्ये कॅनडात नेमक्या अशाच सरकलेल्या फ्रॅक्चरवर अभ्यास झाला, प्लेटवाल्या 62 पैकी 2 जणांचं हाड जुळलं नाही, झोळीवाल्या 49 पैकी 7 जणांचं. म्हणजे झोळीवर पण बहुतेकांचं जुळतंच. प्लेटमध्ये इन्फेक्शनची भीती असते, जखमेखाली छातीला बधिरपणा राहतो, पुढे प्लेट टोचायला लागली की परत कापाकापी. घाई नाही, आठवडाभर विचार करता येतो. पण कातडी ताणून पांढरी पडली, हात गार किंवा बधिर झाला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. लेप नको, चोळणं तर अजिबात नको. आणि सिगरेट आजच बंद, हाड न जुळायचं ते एक मोठं कारण आहे. कोपर, मनगट, बोटं हलवत राहू देत.

धागाकर्ता
दोघांचे आभार. दादाला वाचून दाखवलं, सिगरेटच्या ओळीला उठून पडवीत गेला 😄 शुक्रवारी परत एक्सरे आहे, तेव्हा ठरवू. बाबा लेपावरून अजून हटलेले नाहीत, त्यांना कसं सांगू ते पण सुचवा कोणीतरी.