एवढा गॅस असून तुर्कमेनिस्तान एकट्या चीनवर का अवलंबून?

अभ्यासिका_लातूर
नमस्कार मंडळी. लातूरला अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करायलो, आंतरराष्ट्रीय संबंधाच्या नोट्स काढताना एका जागी अडकलो. तुर्कमेनिस्तान गॅसच्या साठ्यात रशिया, इराण, कतारनंतर जगात चौथा, लोकसंख्या आपल्या मराठवाड्याच्या निम्मी पण नाही, त्यांचं गल्किनिश हे एकच गॅसक्षेत्र जगातल्या सगळ्यात मोठ्या क्षेत्रांत धरतात. मला वाटायचं ज्याच्याकडं माल त्याचा वट, इथं उलटं दिसायलंय, देशाबाहेर जाणारा बहुतेक गॅस चीनकडंच जातो. पुस्तकात एका ओळीत 'चीनची यशस्वी ऊर्जा मुत्सद्देगिरी' लिहून सोडून दिलंय. म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी? पाठ नाही करायचं, समजून घ्यायचंय.

केजचा_शेतकरी
लेकरा, प्रश्न चांगलाय. मी शेतकरी माणूस, पण ह्या विषयाचं मिळेल तिथं वाचत असतो, म्हणून माझ्या शेतातूनच सांगतो. माझ्याकडं तीन एकर ऊस अन चार एकर सोयाबीन. सोयाबीन निघालं की वाळवून घरात थप्पी लावायची, भाव नाही पटला तर दोन महिने थांबायचं, केजला नाही जमलं तर लातूरच्या आडतीला न्यायचं. उसाचं तसं नाही. नोंद एका कारखान्याला, त्याची टोळी येईल तवाच तोड. एका हंगामात माझी तोड दीड महिना लांबली, फडाला तुरे आले, वजन उतरलं, अन मी रोज सकाळी चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या तोडीची चिठ्ठी देणाऱ्या माणसाच्या, दारात उभा. माल माझाच होता, पण वट त्याचा होता.

पाइपातला गॅस म्हणजे उभा ऊस. पाइप जिकडं जातो तिकडंच तो जाणार. थंड करून पातळ करायचा अन जहाजात भरून लांब न्यायचा म्हणलं तर मोठा समुद्र पायजे, ह्यांच्याकडं कॅस्पियन, तो महासागराला मिळतच नाही. सोव्हिएत काळातले मोठे पाइप सगळे उत्तरेला रशियाकडं टाकलेले, १९९१ ला देश वेगळा झाला पण पाइप तेच राहिले. रशियाची सरकारी गॅस कंपनी गाझप्रोम स्वस्तात घ्यायची अन त्या गॅसवर पुढं युक्रेन-युरोपचा धंदा करायची.

चीननं हे बरोबर हेरलं. २००६ ला करार, २००७ ला तीस वर्षांचा खरेदीचा सौदा, अन १४ डिसेंबर २००९ ला तुर्कमेनिस्तानातल्या सामानदेपेला चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ स्वतः येऊन लाइन चालू करून गेले. उझबेकिस्तान अन कझाकस्तानातून चीनच्या खोर्गोसपर्यंत १,८०० किलोमीटरच्या वर लाइन, सव्वादोन वर्षांत उभी केली. वर २००९ ला ४०० कोटी डॉलर अन २०११ ला आणखी ४१० कोटी डॉलर कर्ज, चीनच्या सरकारी बँकेचं, त्याच गल्किनिशसाठी. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं ना, तसं. उचल अंगावर असेपर्यंत दुसऱ्या मुकादमाकडं जाता येत नाही. तुर्कमेनिस्ताननं ती गॅस देऊन फेडली, सगळी फिटली म्हणून २०२१ ला जाहीर केलं.

लाइन_फोरमन_परभणी
बप्पांनी लई नेमकं सांगितलं. मी अकरा वर्षं आखातात गॅसच्या लाइनवर होतो, वेल्डरचा फोरमन झालो, आता परभणीला परत आलोय. ह्यात एक गोष्ट जोडतो जी पुस्तकात एका ओळीत असते पण माझ्या मते सगळा खेळ तिथंच फिरला.

एप्रिल २००९. उझबेकिस्तानच्या सीमेजवळ रशियाकडं जाणाऱ्या लाइनीत स्फोट झाला. तुर्कमेनिस्तानचं म्हणणं, गाझप्रोमनं पुरेशी आगाऊ सूचना न देता एकदम गॅस घेणं कमी केलं. त्याचा अर्थ सांगतो. लाइनीत शेकडो किलोमीटर गॅस दाबून भरलेला असतो, तिकडं घेणाऱ्यानं व्हॉल्व्ह आवळला अन इकडं कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून पुढं ढकलणारं यंत्र, चालूच राहिला तर दाब चढतच जातो. आमच्या साइटवर कंट्रोल रूमचा फोन आल्याशिवाय अन रजिस्टरला नोंद झाल्याशिवाय व्हॉल्व्हला कुणी हात लावत नसे. एकदा रात्री दोनला गेजचा काटा लाल पट्ट्याकडं सरकताना मी पाह्यलाय, कॉम्प्रेसर थांबेपर्यंत आठ माणसांपैकी एकजण बोलला नाही, सगळ्यांची नजर त्या काट्यावर.

तर २००८ ला रशियानं युरोपच्या बरोबरीनं भाव द्यायचं कबूल केलं होतं, मागून मंदी आली, युरोपची मागणी पडली, अन महाग घेतलेला गॅस त्यांना नकोसा झाला. स्फोटानंतर जानेवारी २०१० पर्यंत रशियाला गॅस बंद. तेवढ्यात चीनची लाइन चालू झालीच होती. पुढं २०१६ ला गाझप्रोमनं खरेदीच थांबवली (२०१९ ला परत थोडी चालू केली), अन जानेवारी २०१७ ला थकबाकीवरून तुर्कमेनिस्ताननंच इराणचा पुरवठा तोडला. मग उरला कोण? चीन.

पण बप्पा, एक म्हणणं आहे. कारखान्याला पण ऊस लागतोच की. २०१७-१८ च्या हिवाळ्यात चीननं उत्तरेकडची घरं कोळशावरून गॅसवर आणली अन नेमका तवाच मध्य आशियातून गॅस कमी यायला लागला, तिकडं टंचाई झाली. ह्यात चीनचं मला विशेष वाटतं ते हे की त्यांनी दारं आधीपासूनच वाढवत आणली होती. किनाऱ्यावर जहाजाच्या गॅसची टर्मिनलं, २०१३ पासून म्यानमारची लाइन, डिसेंबर २०१९ पासून रशियाची 'पॉवर ऑफ सायबेरिया', तिची क्षमता वर्षाला ३८ अब्ज घनमीटर. मध्य आशियाच्या तीन लाइनी मिळून ५५ अब्ज, अन चौथी 'डी' लाइन इतकी वर्षं रखडलेलीच. घेणाऱ्याला चार दारं, देणाऱ्याला एक. तुझ्या प्रश्नाचं उत्तर साठ्यात नाही, दारांच्या मोजणीत आहे.

भूगोल_नांदेड
छान चर्चा. मी भूगोल शिकवते, म्हणून भारताची बाजू सांगते, मुलं परीक्षेत तीच विसरतात.

म्यानमारच्या श्वे या गॅसक्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांचा हिस्सा आहे. जानेवारी २००५ मध्ये पेट्रोलियम मंत्री मणिशंकर अय्यर यांगूनला गेले, बांगलादेशातून पाइपलाइन आणायची तिघांची बोलणी झाली, पण बांगलादेशच्या अटींवर गाडं अडलं ते अडलंच. चीन थांबला नाही. आज आपला हिस्सा असलेल्या क्षेत्रातला गॅस म्यानमारच्या चौकफ्यूहून चीनमधल्या कुनमिंगला जातो. हे शिकवताना मला दरवर्षी वाईट वाटतं.

दुसरं तापी, म्हणजे नदी नव्हे, तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत अशी ठरलेली गॅस पाइपलाइन. गल्किनिशपासून हेरात, कंदाहार, क्वेट्टा, मुलतान करत पंजाबातल्या फाजिल्कापर्यंत साधारण १,८०० किलोमीटर, वर्षाला ३३ अब्ज घनमीटर, भारत-पाकिस्तानला सारखा वाटा. डिसेंबर २०१५ मध्ये तुर्कमेनिस्तानातल्या मेरी शहरात भूमिपूजन झालं, आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये अफगाणिस्तानात हेरातच्या बाजूला काम सुरू झालं. फाजिल्का अजून लांबच आहे.

अभ्यासिका_लातूर
बप्पा, काका, मॅडम, मनापासून आभार. एकच विचारतो, तापी आली असती तर आपल्याकडं काय फरक पडला असता?

केजचा_शेतकरी
युरियात पडला असता. देशातला युरिया बहुतेक सगळा नैसर्गिक गॅसपासून होतो, अन देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याच्या आसपास बाहेरून जहाजानं येतो, त्यात सगळ्यात जास्त कतारचा. ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशाला मिळते, वरचा खर्च सरकार अनुदानातून भरतं. जहाजाचा गॅस महागला की ते ओझं वाढतं. भाव तोच राहील, पण सरकारचं गणित बिघडलं की माल वेळेवर येत नाही. ऐन पेरणीत दुकानापुढं पहाटे पाचपासून चपला रांगेला ठेवलेल्या मी पाह्यल्यात.

लाइन_फोरमन_परभणी
कतारसोबत फेब्रुवारी २०२४ ला करार वाढवलाय, वर्षाला ७५ लाख टन, २०२८ ते २०४८. म्हणजे आपलं दार सध्या समुद्राकडंच.

अन पोरा, तुर्कमेनिस्ताननं मार्च २०२५ पासून तुर्कीला गॅस द्यायला सुरुवात केली, ते पण नोट्समधे घे. नवा पाइप नाही टाकला. इराण आपल्या उत्तर भागात त्यांचा गॅस घेतो अन तेवढाच तुर्कीच्या सीमेवर देतो, अदलाबदल. प्रमाण लहानच आहे. नकाशा काढशील तर चारही दिशांना बाण काढ अन प्रत्येक बाणावर चालू झाल्याचं अन बंद पडल्याचं साल टाक, जी लाइन झालीच नाही तिला तुटक रेघ.