मदत हवी आहे : १९५७ मध्ये गावात रेडिओ ऐकलेली माणसं

नमस्कार मंडळी. आमच्या मोठ्या आबाजींच्या पेटीत रेडिओ लायसनचं, म्हणजे तेव्हा घरी रेडिओ ठेवायला लागणाऱ्या परवान्याचं, पुस्तक सापडलं. पोस्टाची तिकिटं लावून त्यावर शिक्के मारलेले, साल १९५७. पानं कापसाच्या वासाची झाली आहेत. तेव्हापासून मला त्या वर्षाचा ध्यासच लागलाय.

३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली. त्याआधी आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना जागाच उरली नव्हती, म्हणून लोक रेडिओ सिलोन लावायचे. आणि दुसऱ्याच दिवशी, ४ तारखेला, रशियानं स्पुटनिक हा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह सोडला! त्याची बीप-बीप २० आणि ४० मेगाहर्ट्झवर तीन आठवडे येत होती. चांगला शॉर्टवेव्ह सेट असलेल्याला ती घरबसल्या ऐकता आली असती. आमच्या ओसरीवर कुणी ऐकली असेल का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या कुणाच्या घरी तेव्हाची आठवण सांगणारे आजी-आबाजी आहेत का? वीज नसलेल्या गावात बॅटरी कुठून आणायचे, तेही विचाराल का? आणि व्हॉल्व्हचा जुना सेट दुरुस्त करणारा कारागीर जवळपास असेल तर कृपया कळवा. आमचा सेट नुसता घुरघुरतो, पण डायलचा दिवा अजून लागतो.