पीए स्कूलचा अर्ज भरतेय, पर्सनल स्टेटमेंटवर अडकलेय

प्रश्न: इथे अमेरिकेत फिजिशियन असिस्टंटसाठी (पीए, म्हणजे डॉक्टरांसोबत काम करत पेशंट तपासणारा, उपचार करणारा) कॅस्पावरून (पीए कोर्सेसचं सामायिक ऑनलाइन अर्ज पोर्टल) अर्ज करतेय. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आधी सी होता, परत देऊन ए आणला, मग जुना धरत नाहीत ना? आणि स्टेटमेंटमध्ये नेमकं लिहायचं काय?

उत्तर १: धरतात गं, कॅस्पा दोन्ही ग्रेड मोजतं, जुना पुसला जात नाही. पण ए आणलास ते कमिटीला दिसतंच, त्यामुळे खचू नकोस. अर्जांची सायकल एप्रिलच्या शेवटी उघडते, बऱ्याच ठिकाणी रोलिंग अ‍ॅडमिशन (अर्ज येतील तसे बघत जागा भरत जाणं) असतं, म्हणून डेडलाइनची वाट बघत बसू नकोस, ट्रान्सक्रिप्ट आधीच मागवून ठेव.

उत्तर २: स्टेटमेंटला ५००० कॅरेक्टर्स, स्पेस धरून. "मला लोकांची सेवा करायचीय" सगळेच लिहितात. मी एका आजींबद्दल लिहिलं, ब्लड प्रेशर घेताना त्या हात सोडायलाच तयार नव्हत्या, तेवढी पाच मिनिटं. आणि डॉक्टर किंवा नर्स नाही, पीएच का, ते स्पष्ट लिही, माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

उत्तर ३: पेशंट केअरच्या (पेशंटसोबत प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या) तासांची नोंद आजपासून ठेव, नंतर आठवत नाही. नुसतं शॅडोइंग (कुणाच्या सोबत राहून त्यांचं काम बघणं) पेशंट केअरमध्ये धरत नाहीत, आणि किती तास लागतात ते प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं.