काटकोन त्रिकोणातील बाजूंची नावे कशावरून ठरवावीत?

प्रश्न (पालक):
नमस्कार. माझ्या मुलीचा नववीच्या त्रिकोणमितीचा अभ्यास नुकताच सुरू झाला आहे. आकृतीत काटकोन खाली डावीकडे असेल, तर ती आडव्या बाजूला पाया, उभ्या बाजूला उंची आणि तिरप्या बाजूला कर्ण म्हणते. परंतु तोच त्रिकोण फिरवून कर्ण आडवा काढला, की ती कर्णालाच पाया म्हणू लागते आणि पुढची गुणोत्तरे चुकतात. शिवाय एका उदाहरणात संमुख असलेली बाजू दुसऱ्या उदाहरणात लगतची कशी होते, हे मलाही तिला नीट सांगता आलेले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (गणित शिक्षिका):
पाया आणि उंची हे शब्द क्षेत्रफळाचे आहेत, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. समजा, त्रिकोण अबक मध्ये ब हा काटकोन असून अब = ८, बक = १५ आणि अक = १७ आहे. त्याचे क्षेत्रफळ ६० येते. अक हा कर्ण पाया मानला, तरी त्यावरील उंची १२०/१७ येऊन क्षेत्रफळ ६०च राहते. म्हणजे मुलीने कर्णाला पाया म्हणणे क्षेत्रफळापुरते चूक नाही. त्रिकोणमितीत मात्र हे दोन्ही शब्द तिने वापरूच नयेत, असे मला वाटते.

कर्ण ओळखण्यासाठी तिला आधी काटकोनाची चौकोनी खूण शोधायला सांगावी आणि त्या खुणेच्या समोरची बाजू बोटाने दाखवायला लावावी. उरलेले दोन कोन मिळून ९० अंशांचे असल्यामुळे काटकोन हाच सर्वांत मोठा कोन ठरतो, म्हणून त्याच्या समोरचा कर्णही सर्वांत लांब असतो. वही कशीही फिरवली तरी यात फरक पडत नाही. इतर दोन बाजूंची नावे मात्र कोन निवडल्यावरच ठरतात. कोन अ घेतला, तर बक संमुख आणि अब लगतची. कोन क घेतला, तर नेमके उलट. म्हणूनच अ चा साइन (संमुख बाजू भागिले कर्ण) आणि क चा कोसाइन (लगतची बाजू भागिले कर्ण) दोन्ही १५/१७ येतात.

प्रतिसाद २:
नाव निवडीवर अवलंबून असणे ही आपल्याकडे जुनीच रीत आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त असे सांगितले आहे की, हवी ती बाजू भुज मानावी आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दुसऱ्या बाजूला कोटी म्हणावे. त्यानंतरच्या पहिल्याच उदाहरणात कोटी ४ आणि भुज ३ देऊन कर्ण विचारला आहे. कोसाइनसाठीचा कोज्या हा शब्दही कोटिज्या या शब्दावरून आला आहे.

पालक:
मनःपूर्वक आभार. खुणेपासून सुरुवात केल्यावर मुलीने तीन आकृत्यांमधला कर्ण अचूक ओळखला. आता तिचा प्रश्न असा आहे की, कोन अ ला कर्णही लागूनच आहे, मग त्याला लगतची बाजू का म्हणायचे नाही?

प्रतिसाद १ (गणित शिक्षिका):
फार चांगला प्रश्न विचारला आहे तिने. कोन अ च्या दोन भुजा आहेत, अब आणि अक. त्यांपैकी अक ला कर्ण हे नाव काटकोनामुळे आधीच मिळालेले असते, म्हणून ‘लगतची’ हा शब्द उरलेल्या अब साठीच राखून ठेवला आहे. तिला नावे याच क्रमाने लिहायला सांगावीत: आधी कर्ण, मग संमुख आणि शेवटी लगतची.