खो-खो गुणपत्रिका: वेळेच्या नोंदीसाठी मदत हवी आहे

खो-खोत गुण पूर्णच, वेळ मात्र वाहती, पंचाईत तिथेच. संरक्षणाची वेळ (खेळाडू बाद न होता टिकला तो काळ) आपण '१.४०' लिहितो, म्हणजे १ मिनिट ४० सेकंद. एक्सेल त्याला दशांश समजतं: १.४० + १.३० = २.७०, खरं उत्तर ३.१०. शिवाय शेवटचं शून्यही गळतं! म्हणून सगळं सेकंदांत ठेवलंय: १०० + ९० = १९०.

तरीही प्रत्येक तुकडीची (एकत्र मैदानात उतरणाऱ्या तीन संरक्षकांची) वेळ वेगळी मोजून पूर्णांकात आणली, की ९ मिनिटांच्या डावाची बेरीज ५४० ऐवजी ५३९ किंवा ५४१ भरते. घड्याळ न थांबवता बाद होण्याचे क्षण टिपून नंतर वजाबाकी करणं बरं ना?

मुख्य प्रश्न: लघुत्तम आक्रमणात (बरोबरी सोडवण्याचा जादा डाव; पहिला गुण कमी वेळात घेणारा संघ जिंकतो) दोन्ही संघांचा पहिला गुण एकाच सेकंदाला आला, तर शतांश सेकंद धरता की पुन्हा खेळवता? पंचांनी कृपया सांगावं.