मदत हवी आहे : पावसाळ्यात बाल्कनीतलं कंपोस्ट, अळ्या आणि खालच्या काकू

बाल्कनीवाली

मंडळी, खतातल्या जाणकारांनी मार्ग दाखवा. प्रकरण सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जायच्या बेतात आहे.

आम्ही पुण्यात, सिंहगड रोडला, तिसऱ्या मजल्यावर. घरात चार माणसं. ओला कचरा घरीच जिरवायचा असं ठरलं, तेव्हा इमारतीला रंग देणाऱ्यांकडून 20 लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या मागून घेतल्या, घासून धुतल्या, बाजूला आणि बुडाला भोकं पाडली. एक भरली की दुसरी. तळाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर भाज्यांची देठं-सालं, चहाचा चोथा, पुन्हा कोकोपीट, आणि विरजण म्हणून आंबट ताक. उन्हाळाभर दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. आंब्याच्या साली बघता बघता काळ्या पडून विरायच्या. (कोयी तशाच. त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती.)

आषाढ लागला आणि सगळं बिनसलं. आता झाकण उघडलं की चिलटांचा ढग आणि आंबूस वास. बुडातून तपकिरी पाणी गळतं. आणि अळ्या! चपट्या, जाड, अंगावर वळ्या असलेल्या. पांढुरक्या असतात तोवर आत वळवळत असतात, पण काळपट झाल्या की रात्री भोकांतून बाहेर पडून चालू लागतात. त्यातल्या काही खालच्या काकूंच्या दोरीवर, वाळत घातलेल्या इरकलीवर उतरल्या. काकू वर आल्या त्या अळी कागदाच्या पुडीत घेऊनच. तयार खत देऊ केलं तर म्हणाल्या, "तुझं खत तुलाच लखलाभ."

सासूबाई म्हणतात चुना टाक, नवरा म्हणतो फिनेल. मला दोन्ही पटत नाही. शिवाय दर थोड्या दिवसांनी कोकोपीटची वीट कुरियरने मागवायची, तीही प्लास्टिकच्या वेष्टनात, हे कसलं पर्यावरण? शिळं अन्न टाकावं का? आणि पुढे गणपतीत निर्माल्याचं काय?

शेणखत

फिनेल अजिबात नको. अळ्यांबरोबर खत करणारे जिवाणूही मरतील. चुन्याची चिमूट चालते, पण मूठभर टाकलात तर खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि वासात भरच पडते.

वर्णनावरून या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत. घरमाशीच्या नव्हेत. हिची मोठी माशी काळी, सडपातळ, गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही, डंखही नाही. अळ्या कचऱ्याचा जो फडशा पाडतात तो आपलं ताक काय पाडणार! काळपट झाली की तिचं खाणं संपतं आणि कोष करायला ती कोरडी जागा शोधत निघते. काकूंची इरकल तिला त्या वाटेतच लागली.

बाजूच्या भोकांवर आतून मच्छरजाळी चिकटवा, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधा. बादली दोन विटांवर ठेवून खाली पसरट परात आणि परातीत थोडा कोरडा पाला. बाहेर पडणाऱ्या अळ्या त्यात जमतात. सकाळी परात कठड्याच्या आतल्या बाजूला ठेवा, साळुंक्या आपसूक येतात. परात रोज बघायची मात्र तयारी हवी.

गवतीचहा

अळ्या पाहुण्या आहेत हो, खरं दुखणं पाणी आहे. मिश्रण मुठीत धरून दाबा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आत हवा खेळत नाहीये, म्हणून आंबूस वास. सालं रात्रभर वर्तमानपत्रावर पसरून सकाळी टाका. ओल्याइतकंच कोरडं घालायचं ही उन्हाळ्याची रीत झाली, पावसाळ्यात दीडपट घाला. ताक बंद करा, त्याची आता गरज नाही. आणि दोन-तीन दिवसांनी काठीने तळापासून वर-खाली करा.

कोकोपीटबद्दल अगदी सहमत. झालेलं खत चाळल्यावर चाळणीत जे जाडंभरडं उरतं, तेच वाळवून पुढच्या बादलीत वापरा. त्यात जिवाणूही तयार असतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून टाकले तरी चालतात. लाकडाचा भुसा वखारीतून आणा. फर्निचरच्या कामावरचा नको, त्यात प्लायवूड आणि एमडीएफचा डिंक असतो.

माडाखालचा

आमच्या रत्नागिरीत हे प्रश्नच पडत नाहीत, मासळी धुतलेलं पाणीसुद्धा माडाच्या आळ्यात जातं 🙂 पण तुम्ही बाल्कनीत मासळी, हाडं, मटण काही टाकू नका, उंदीर येतील. शिळी पोळी-भात थोडा चालतो. आमटी, तेलकट भाजी नको.

एक सांगतो. पानगळ होते फेब्रुवारी-मार्चात आणि पाला लागतो जुलैत. आगोटीची बेगमी करताना पाल्याचीही करायची. पर्जन्यवृक्षाची, गुलमोहराची बारीक पानं उत्तम, लवकर कुजतात. आंब्या-फणसाची चिवट, ती चुरून घ्या. दोन-तीन गोण्या भरून जिन्याखाली ठेवल्या की पावसाळा निघतो. तुमच्याकडे झाडून काढलेला पाला पेटवत असतील तर आधी तो थांबवा.

उगाचच

एवढा खटाटोप कशाला? ओला-सुका वेगळा करून दिला की काम झालं. घंटागाडी नेतेच की.

गवतीचहा

@उगाचच, वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा नेऊन टाकला तो उरुळी देवाची-फुरसुंगीत. तिथल्या लोकांनी त्यासाठी किती आंदोलनं केली, आठवा. हवा न लागता कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, डेपोला आगी लागतात. आणि ओलं घरातच जिरलं की कचरावेचक ताईंच्या हाती कोरडं, विकता येण्याजोगं येतं. हो, सॅनिटरी पॅड मात्र कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढूनच द्या.

बाल्कनीवाली

सगळ्यांचे आभार! फडकं, जाळी आणि परात आजच. सासूबाईंना चुन्याचं समजावते, ते जरा अवघड आहे. पण आत्ता श्रावणात कोरडा पाला आणू कुठून? खालचा सगळा चिंब आहे.

माडाखालचा

नारळाच्या शेंड्या फेकता ना? त्या कात्रीने बोटभर तुकडे करून टाका, पाणी छान शोषतात. गणपतीत नारळ फुटतीलच, शेजाऱ्यांकडूनही गोळा करा. दुर्वा, पत्री, फुलं सगळं चालेल, पण एक दिवस पंख्याखाली सुकवून. हारातला दोरा, जर आणि प्लास्टिकचे मणी आधी काढा, नाहीतर खत चाळताना तो गुंता सोडवत बसाल.